‘मोरपीस भाग २’ची पाच गाणी

लोकांना वाटतं, बँडवाल्याच्या पोटात हवा असते. हवा कसली डोंबलाची, किस्से असतात! सीझनमध्ये रोज एक वरात, आणि प्रत्येक वरातीत एक रुसलेला मामा, एक बिथरलेली घोडी आणि “मास्तर, अजून एकच!” म्हणणारा एक मेहुणा असतोच. सीझन संपला की वाद्यं पेटीत जातात. किस्से मात्र जागा मिळेल तिथे साचत राहतात.

मी बँड सोडला त्याला पंचवीसेक वर्षं झाली. आता अमळनेरला माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लोक लग्नाच्या जुन्या कॅसेटी घेऊन येतात, मी त्या पेनड्राइव्हवर उतरवून देतो. पण दुकानात कुणी चहाला टेकलं की विषय फिरून फिरून बँडवरच येतो, आणि बँडवर आला की आमच्या त्या अल्बमवर येतो. जो कधी निघालाच नाही, तो!

०००

आमच्या बँडचं नाव होतं ‘न्यू मोरपीस ब्रास बँड’. आता तुम्ही विचाराल, जुना मोरपीस कुठला? कुठलाच नाही! बँडचे मालक आणि मास्तर म्हणजे आमचे नाना. क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचा हिशेब सरळ होता. “न्यू लिहिलं की लोकांना वाटतं, हे फार जुने आहेत.”

माणसं सोळा. पण चेहरे पाच. क्लॅरिनेटवर नाना. ट्रम्पेटवर युसुफभाई. ढोलावर भिकाभाऊ. हातगाडीवरच्या माइकपाशी शांताराम, जो पुरुषाच्या आवाजात कडवं म्हणायचा आणि बाईच्या आवाजात त्याचं उत्तरही द्यायचा. आणि कॅसिओवर मी, प्रमोद. पण प्रमोद फक्त आधार कार्डावर. बाकी सगळ्यांना पम्याच.

तेव्हा अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी जोरात होत्या. नानांनी ठरवलं, आपलीही काढायची. गाणी आपलीच, पाच जणांची पाच. जळगावला रेकॉर्डिंगची तारीखही घेतली. आणि रेकॉर्डिंगच्या पंधरा दिवस आधी नाना लग्नपत्रिका छापणाऱ्या एका मित्राकडे गेले आणि कॅसेटची एक हजार कव्हरं छापून घेऊन आले!

मी म्हटलं, “नाना, अजून एक गाणं रेकॉर्ड नाही आणि कव्हर?”

नाना म्हणाले, “लग्नात आधी काय होतं रे? पत्रिका छापतात की आधी लग्न लावतात?”

मी एक कव्हर उचलून पाहिलं.

कव्हर मात्र झकास होतं. मोरपिसाचं चित्र, टोप्या घातलेले आम्ही पाच, खाली पाच गाण्यांची नावं आणि त्याखाली एक ओळ: ‘सर्व कलाकार एकत्र वाजवीत आहेत’. ती ओळ नानांनी मुद्दाम घालून घेतली होती. आणि वर ठसठशीत अक्षरांत नाव होतं, ‘मोरपीस भाग २’.

“नाना, भाग एक कुठाय?”

“भाग एक म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, नवशिके दिसतात. भाग दोन म्हटलं की ते म्हणतं, अरे, पहिला आपल्याकडून सुटला की काय!”

०००

आता घोळ कसा झाला ते ऐका.

रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात एक दाट तिथी होती. एकाच दिवशी जिल्ह्यात इतकी लग्नं की बँड मिळेना. नानांकडे दोन सुपाऱ्या आल्या, एक शिंदखेड्याची आणि एक चाळीसगावची. दोन्ही घरं जुनी, नवरदेवांच्या बापांपासूनची गिऱ्हाइकं. नाही कुणाला म्हणणार? नानांनी दोन्ही घेतल्या. सोळा माणसं, आठ इकडे, आठ तिकडे. थोडे ढोल इकडे, थोडे तिकडे. पिपाण्याही तशाच. कागदावर एकदम चोख!

पण बँडची एक सवय असते. टेम्पोत आधी ढोल चढवायचे, कारण ते जड. पिपाण्या सगळ्यात शेवटी, कारण त्या दबतात. वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी दोन टेम्पो यायचे होते. शिंदखेड्याचा आधी आला. पोरं सवयीने उठली आणि ढोल चढवू लागली. एक चढला, दुसरा चढला, सगळे चढले! आणि ढोलवाला आपल्या ढोलाला सोडून बसत नाही. ढोल गेले तसे आठही ढोलवाले गेले, भिकाभाऊंसकट. टेम्पो भरला म्हणून ड्रायव्हरने सोडला.

नाना तेव्हा आत टोपीला पीस लावत होते. दुसरा टेम्पो आला, राहिलेलं सगळं त्यात चढलं, नाना पुढे बसले आणि आम्ही चाळीसगावला निघालो. कुणाला म्हणजे कुणाला पत्ता नाही!

चाळीसगावला उतरलो तेव्हा कळलं की आमच्याकडे एक क्लॅरिनेट, तीन ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन, माझा कॅसिओ आणि शांताराम आहे. नवरदेवाचे काका म्हणाले, “मास्तर, ढोल?”

नाना म्हणाले, “मागून येतोय.”

तिकडे शिंदखेड्याला आठ ढोल घेऊन भिकाभाऊ उतरले. तिथल्या आबांनी विचारलं, “बाजा कोठे शे?”

भिकाभाऊ म्हणाले, “मांगून येई राहिना!”

मोबाईल तेव्हा फक्त बड्या लोकांकडे. त्यामुळे दोन गावांत दोन वराती निघाल्या. एकीत नुसते ढोल, एकीत नुसत्या पिपाण्या, आणि दोन्हीकडची माणसं मागच्या रस्त्याकडे बघतायत.

०००

पण दोन्ही वराती पार पडल्या, बरं का! आणि बँड मोडला तो त्यामुळेच.

फजिती झाली असती तर दोघं दुसऱ्या दिवशी गळ्यात गळे घालून रडले असते. पण नाना तोऱ्यात आले. भिकाभाऊ त्यांच्याहून तोऱ्यात. नानांच्या तोंडून रागात निघून गेलं, “ढोलावाचून वरात निघाली माझी! काही अडलं नाही!”

भिकाभाऊंनी खांद्यावरचा पट्टा काढला, हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, “माझीही निघाली, नाना. तुमच्यावाचून.”

आणि गेले. शिंदखेड्याजवळ त्यांचं गाव, तिथे शेती करायला लागले. नाना जळगावची तारीख रद्द करून आले. पुढे युसुफभाई धुळ्याला गेले, शांताराम आणखी कुठे, मी दुकानात. नानांना आम्ही सांगून पाहिलं की दुसरा ढोलवाला घेऊ, निदान कॅसेट तरी काढू. नाना कव्हरावरच्या त्या ओळीवर बोट ठेवायचे. ‘सर्व कलाकार एकत्र’. “एकटा वाजवतो त्याला रियाज म्हणतात, पम्या. बँड म्हणत नाहीत.”

एक हजार कव्हरं घरात पडून. नानांच्या बायकोला, आमच्या अक्काला, रद्दीत द्यायची सोय नाही. “अल्बम येणार आहे,” नाना म्हणायचे. मग अक्काने ती फळीवर अंथरली, डब्यांखाली घातली. एकदा तर पाहुण्यांना चिवडा दिला तो कव्हरावर! पाहुणा चिवडा संपवून म्हणाला, “भाग एक कसा होता?”

अक्का म्हणाली, “भाग एक म्हणजे माझा संसार. तो वाजतोच आहे!”

०००

आता पहिलं गाणं.

दोन वर्षांपूर्वी मी बहिणीकडे गेलो होतो, तालुक्याच्या गावी. सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि भोंग्यातून एक बाई गोड आवाजात गाऊ लागली, “ताई, गाडी ऊनी दारे, घाई करा वं...”

मी ब्रश तोंडात ठेवून तसाच अंगणात पळालो. चाल आमची! आमच्या कव्हरावरचं पहिलं गाणं, ‘घोडीले घाई नही’. आणि आवाज शांतारामचा!

बहीण म्हणाली, “काय गोड बोलते नाही ही बाई? रोज सकाळी बरं वाटतं.”

मी म्हटलं, “अगं, ही बाई नाही. आमचा शांताराम आहे. अशा मिशा आहेत त्याला!”

त्या दिवसापासून बहीण कचरा टाकायला मेहुण्यांना पाठवते.

मी मात्र गाडीच्या मागे दोन गल्ल्या चालत गेलो आणि अख्खं गाणं मोबाईलवर घेतलं. शांतारामला फोन केला. तो म्हणाला, “अरे, ज्याने काम दिलं त्याने चाल विचारली. माझ्याकडे एकच होती, न वापरलेली.” न वापरलेली, म्हणे! पण परतीच्या एसटीत डोक्यात एक किडा वळवळायला लागला. एक गाणं सापडलं ना? मग आमची फाटाफूट झाल्यावर बाकीच्यांनी आपापलं गाणं कुठे ना कुठे वाजवलंच असणार की! अल्बम निघाला नाही, पण तो तुकड्या-तुकड्यांनी कुठेतरी पडलेला असेल. गोळा का करू नये?

०००

दुसरं गाणं ‘धुळ्यानी गाडी’, युसुफभाईंचं. ते सापडलं धुळ्यातच, एका रिक्षात.

युसुफभाईंनी एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी ट्रम्पेट वाजवून दिलं होतं. रिक्षा गावभर फिरायची. दोन वाक्यं साडीची आणि मग दोन मिनिटं ट्रम्पेट. वाजवलेलं इतकं कडक की दुकानदाराने साडीची वाक्यं कमी केली.

एक दिवस एका वरातीचा डीजे जनरेटरसकट बंद पडला. नवरदेव घोड्यावर, नाचणारे घामाघूम, आणि आवाज शून्य. नेमकी तेव्हाच ही रिक्षा चौकात आली. ट्रम्पेट सुरू झालं मात्र, पोरं रिक्षामागे नाचत निघाली! घोडी निघाली, नवरदेव निघाला, करवल्या निघाल्या. मध्येच “पैठणीवर खास सूट!” आलं की सगळे हात वर करून ओरडायचे.

रिक्षावाला बिचारा आपल्या ठरलेल्या रस्त्याने चालला होता. मंडप राहिला स्टेशनकडे आणि नवरदेव पोचला साडीच्या दुकानात!

युसुफभाईंना मी विचारलं, “मग काय झालं?”

ते म्हणाले, “होणार काय? नवरीच्या आईसाठी एक साडी घेतली आणि परत फिरले. वाजवणं वाया गेलं नाही, पम्या!”

०००

तिसरं गाणं माझं. ते लपवण्यासारखं आहे, पण सांगतो.

‘केळीना बागमा मोर’. हे मी एका बालवाडीच्या गॅदरिंगला कॅसिओवर वाजवलं. आपला भाग केळीचा, त्यामुळे स्टेजवर तीस मुलं पिवळी केळी बनून उभी. बाईंनी त्यांना पक्कं शिकवलेलं, सूर लांबला की जागच्या जागी पुतळा व्हायचं. सूर हलला की नाचायचं.

मधेच माझ्या कॅसिओची एक पट्टी अडकली. पीं... सूर काही थांबेना! तीसही केळी पुतळा झाली. एक पाय वर, हात डोक्यावर. मी पट्टी उचकटतोय, बाई विंगेतून खुणा करतायत, पालक व्हिडिओ काढतायत आणि पोरं हलायला तयार नाहीत. शेवटी मी वायर उपटली. तीस केळी एकदम धपकन खाली बसली.

अशा टाळ्या मला बँडमध्ये कधी मिळाल्या नाहीत. एक आजोबा येऊन म्हणाले, “शेवटचा आलाप फार दमदार होता!”

०००

चौथं भिकाभाऊंचं, ‘कापूस फुटना’. हे सगळ्यात अवघड. कारण भिकाभाऊंनी त्या दिवसानंतर ढोलाला हात लावला नव्हता.

पण वाजवणाऱ्याचे हात गप्प बसत नाहीत. ज्वारीवर पाखरं बसतात म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना मचाणावर बसवलं आणि हातात तेलाचा रिकामा डबा दिला. बडवायचा आणि पाखरं उडवायची, एवढंच काम. भिकाभाऊंनी पहिल्या दिवशी दोनदा नुसता बडवला. तिसऱ्यांदा डबा आपोआप लयीत आला. चौथ्या दिवशी तर अख्खं ‘कापूस फुटना’, तोड्या-तिहाईंसकट!

शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, “भिकाभाऊ, पाखरं उडी नही राहिनात, ऐकी राहिनात!”

आणि खरंच, शेजारच्या शेतातल्या मजूरबायाही खुरपी ठेवून बसल्या होत्या. नातीने ते सगळं मोबाईलवर काढलं होतं. मी गेलो तेव्हा तिने ते मला गुपचूप पाठवलं. भिकाभाऊंना मी नुसतं म्हटलं, “भाऊ, नानांच्याही मनात...” त्यांनी हात वर केला आणि विषय पाखरांवर नेला.

त्यांचे डोळे मात्र विषय बदलत नव्हते, हे मी पाहिलं.

०००

राहिलं पाचवं. ‘तोरण’. नानांचं.

‘तोरण’ ही नानांनी स्वतः बांधलेली धून. नवरदेव मंडपाच्या दारात आला की वाजायची. भिकाभाऊ ढोलावर तीन ठोके द्यायचे, त्यावर क्लॅरिनेट उचलायचं. आणि मधे एक जागा होती, जिथे नाना चार मोजेपर्यंत गप्प व्हायचे आणि त्या चारात भिकाभाऊ एकटे वाजवायचे. एवढ्या चार मात्रांसाठी बायाबापड्या दाराशी गर्दी करायच्या. बाकीच्या चार गाण्यांवाचून अल्बम झाला असता एक वेळ. ‘तोरण’वाचून तो अल्बमच नव्हे.

मी नानांना चारही गाणी ऐकवली. नाना ऐकत राहिले. भिकाभाऊंचा डबा लागला तेव्हा खिडकीबाहेर बघायला लागले, पण पायाचा अंगठा हलत होता! मग मी म्हटलं, “नाना, तुमचं एक राहिलं. दुकानात या, दहा मिनिटांचं काम.”

“नाही. एकटा नाही वाजवणार.”

तीन महिने मी मागे लागलो. अक्काने जेवण बंद करायची धमकी दिली. शेवटी नाना वैतागून म्हणाले, “ठीक आहे! बुधवारी येतो!”

बुधवारी मी माइक लावून, पंखा बंद करून तयार. नाना आले. समोर बसले आणि तोंड उघडून हसले. आत एक दात नाही!

“आते बोल, पम्या!” नाना म्हणाले.

मंगळवारी धुळ्याला जाऊन उरलेसुरले सगळे दात काढून आले होते! दुखत होतेच म्हणे. पण क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरावं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं का? चाळीस वर्षं धरलं होतं! एकट्याने वाजवायला लागू नये म्हणून बत्तिशी काढून देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी हसलो. नाना गेल्यावर मात्र खुर्चीत बसून राहिलो. कवळी बसली तरी त्या वयात पुन्हा फुंक जमेल याचा काय भरवसा? चार गाणी हातात आणि पाचवं कायमचं गेलं, असंच वाटलं. फार वाईट वाटलं, खरं सांगतो.

०००

आणि आता ऐका. हा किस्सा मी नेहमी शेवटी सांगतो.

तीनेक महिन्यांनी दुकानात एक गृहस्थ आले. रतनभाऊ, शिंदखेड्याचे. मुलीचं लग्न ठरलेलं. स्वतःच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट आणली होती, मंडपात स्क्रीनवर दाखवायची म्हणून. म्हणाले, “दादा, एक सांगी ठेवस. मना लगीनमा बँड नव्हता. नुसता ढोल व्हतात. पन नाचनूत बठ्ठा!”

नुसते ढोल, तरी सगळे नाचले, आणि तेही शिंदखेड्याला! मी कॅसेट त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

त्यांच्यासमोरच लावली. वरात, गुलाल, आठ ढोल, काळ्या केसांचे भिकाभाऊ. मग मंडपाचं दार आलं. भिकाभाऊंनी थांबून तीन ठोके दिले आणि ‘तोरण’ सुरू केलं. क्लॅरिनेट नाही, काही नाही. पण वाजवत होते अगदी हळू, अंग चोरून. जणू कुणीतरी शेजारी वाजवतंय आणि त्याच्यावर आवाज चढता कामा नये. आणि मधेच एका जागी ढोल एकदम उसळला, चार मात्रा, आणि पुन्हा हळू.

मी तडक चाळीसगावच्या त्या घरी फोन लावला. तिकडच्या नवरदेवाचं आता हार्डवेअरचं दुकान आहे. म्हणाला, “ती कॅसेट? आमच्याकडे तिचं नाव काढायची सोय नाही! भांडण झालं की बायको म्हणते, तुमच्या वरातीत ढोलसुद्धा नव्हता!” पण वहिनींनी ती साड्यांच्या खाली जपून ठेवलेली निघाली. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन घेऊन आलो.

त्यात मंडपाच्या दारात नाना. ढोल नव्हता, म्हणून त्यांनी बुटाने जमिनीवर तीनदा ठाण ठाण केलं आणि क्लॅरिनेट उचललं. वाजवत वाजवत त्या जागेपाशी आले आणि थांबले. ढोल नसताना थांबले! चार मोजेपर्यंत नुसती शांतता. टेपमध्ये कुठल्यातरी मुलाचं रडणं ऐकू येतं, लांबून एक हॉर्न ऐकू येतो. मग नाना पुन्हा सुरू.

मी दोन्ही आवाज कॉम्प्युटरवर एकाखाली एक ठेवले. बुटाचे तीन आणि ढोलाचे तीन जुळवले आणि प्ले केलं. दोन-तीन ठिकाणी किंचित ओढावं लागलं, खोटं कशाला बोलू? बाकी सगळं बसलं. दोन गावं, एक दिवस, एक लय. ती चार मात्रांची जागा आली, तिथे नाना थांबले आणि ढोल आला.

मी हेडफोन काढून ठेवला आणि मनसोक्त रडलो. भरदुपारी, आपली कॅसेट न्यायला परत आलेलं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना! रतनभाऊंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, “कॅसेट खराब व्हई गई का?”

मग मी, अक्का आणि रतनभाऊ, आम्ही तिघांनी मिळून कट केला. रविवारी अक्काने नानांना आणलं, “कवळीचा फोटो काढायचाय” म्हणून. रतनभाऊंनी भिकाभाऊंना आणलं, “मुलीच्या लग्नाचा ढोल बघायचाय” म्हणून. युसुफभाई आणि शांताराम एसटीने आले. माझं दुकान ते केवढं! नाना आणि भिकाभाऊ समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. नाना पंख्याकडे बघतायत, भिकाभाऊ चपलांकडे. पंचवीस वर्षांनी.

मी कुणाला काही बोलू दिलं नाही. पेनड्राइव्ह लावला.

कचरागाडीवर सगळे हसले. “पैठणीवर खास सूट!” आलं तसे शांतारामने हात वर केले. केळी धपकन बसली. डब्यावर युसुफभाई “वा भिका!” म्हणाले. आणि मग तीन ठोके पडले, बुटाचे आणि ढोलाचे एकदम.

नानांनी मान वळवली. भिकाभाऊंनी चपलांवरची नजर उचलली. क्लॅरिनेट चढत गेलं, ढोल खालून सांभाळत गेला आणि ती जागा आली.

ढोल उसळला.

नाना स्पीकरकडे बोट करून म्हणाले, “भिका, आठे मी थांबनू व्हतू.”

भिकाभाऊ म्हणाले, “माले ठाऊक व्हतं, नाना. म्हनीसन तर वाजाडं.”

गाणं संपलं. अक्काने पिशवीतून एक कव्हर काढलं, चिवड्याचा डाग पडलेलं, आणि पेनड्राइव्हला गुंडाळून वर रबर लावलं. झाला अल्बम! ‘सर्व कलाकार एकत्र वाजवीत आहेत’!

युसुफभाईंनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. शांताराम दोन्ही आवाजांत रडत होता.

तेवढ्यात रतनभाऊंनी मुलीच्या लग्नासाठी खिशातून खरोखरची सुपारी काढली आणि नानांसमोर धरली. “नाना, आंडेरनं लगीन शे. वाजाडतस का?”

नाना म्हणाले, “अहो, कवळी आहे. सूर निघेल की नाही...”

“निघतो!” अक्का म्हणाली. “महिनाभर मोरीत बसून चोरून फुंकतायत. शेजारीण विचारते, कुकर बिघडलाय का?”

नाना लाजले. खरंच लाजले हो! मग त्यांनी सुपारी घेतली, कपाळाला लावली.

“पन एक शे,” रतनभाऊ म्हणाले, “ह्या टाईमले बठ्ठा बँड लई येज्यात!”

सगळे खो खो हसले. भिकाभाऊ तेवढे हसले नाहीत. ते उठले, नानांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“पम्या, टेम्पो ऊना का पहिले नाना बसतीन. मंग ढोल चढतीन.”